चैत्रात कुलाबा किल्ल्यावर : परतीच्या वाटेवरचे वेडर

खाडीकाठ | १३ एप्रिल, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार.

काल हनुमान जयंतीला पहाटेच्या ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत गेलो आणि संध्याकाळच्या ओहोटीत परत आलो. मधले कित्येक तास किल्ल्याला चारी बाजूंनी पाणी होतं. ते मला हवंच होतं. तिथे जे पाहिलं ते लिहून ठेवावं आणि इतरांनाही वेळेत सांगावं म्हणून हा धागा. वेळेत अशासाठी, की हे पक्षी अजून फार तर दोन-तीन आठवडे आहेत.

वेडर म्हणजे पाण्याच्या काठाने, चिखलात-वाळूत चालत खाणारे पक्षी. चिखल्या, तुतारी, टिलवा, कोरल, पाणटिवळा ही त्यातली आपली नावं. पावसाळा सरता सरता उत्तरेकडून येतात, थंडीभर आपल्या किनाऱ्यावर राहतात आणि शिमगा झाला की परत निघतात. बहुतेक लोक त्यांना डिसेंबर-जानेवारीत बघायला जातात. तेव्हा सगळे एकजात मातकट-राखाडी असतात, ओळखताना डोकं फिरतं. खरे बघावे ते चैत्रात. निघायच्या आधी त्यांचे विणीचे रंग चढलेले असतात आणि आपल्या भागात ते पूर्ण रंगात दिसायचा काळ एवढाच.

आधी वेळेबद्दल, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. पक्षी बघायला म्हणून पहाटे किनाऱ्यावर जातात, समोर मैलभर ओला चिखल, त्यावर तिळाएवढे ठिपके, आणि निराश होऊन परत. या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालतो. ओहोटी लागली की ते पसरतात आणि खातात, मग रात्र असो की दिवस. भरती आली की खाण्याची जागा बुडते, मग एखाद्या उंच खडकावर किंवा वाळूच्या दांड्यावर गोळा होऊन विश्रांती घेतात. आपण जायचं ते पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी. एका जागी बसायचं. पाणीच त्यांना आपल्याकडे घेऊन येतं.

भरतीची वेळ काढायला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतो, म्हणून किल्ल्यावर चालत जायचं असेल तर छापील वेळापत्रक बघाच. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी खूप मागे जातं आणि वाट कोरडी मिळते. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, ओहोटीलाही पाणी पूर्ण हटत नाही. गुडघाभर पाण्यातून जावं लागतं आणि परतायला वेळ कमी मिळतो.

तर काल सहाला निघालो तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना चिवचिव नाही, शीळ. एकाची सुरू झाली की दुसऱ्याची. उजाडल्यावर दिसलं, वाळू चिखले. चिमणीपेक्षा जरा मोठे. पळतात, थांबतात, टिपतात, पुन्हा पळतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात याच जागी हेच पक्षी पाहिले होते तेव्हा छातीवर नुसता मळकट डाग होता. काल त्याच छातीवर गेरू फिरवावा तसा पट्टा होता आणि डोळ्यावरून काळी पट्टी. सगळ्यांचा रंग सारखा नव्हता. काहींचा अजून अर्धवट, पिसांच्या कडांना राखाडी राहिलेली. काही मात्र अगदी तयार.

आठच्या सुमारास वाट बुडाली. घोडागाड्या थांबल्या, माणसांचा आवाज गेला. मी तटाच्या सावलीत, सरजेकोटाकडे तोंड करून बसलो. (सरजेकोट म्हणजे मुख्य किल्ल्याच्या उत्तरेचा छोटा कोट. मध्ये दगडी सांडवा, म्हणजे दोन्हींना जोडणारी वाट, आहे.) साडेनऊपासून पक्षी यायला लागले. आधी दहा-बारा, मग वीस, मग एकदम साठ-सत्तर. थवा वळला की सगळे पांढरे, पुन्हा वळला की सगळे तपकिरी. अकरापर्यंत समोरच्या खडकावर अडीचशेच्या आसपास पक्षी दाटीवाटीने बसले होते. बहुतेक वाळू चिखले, त्यांच्यात तुतारीच्या जातीचे काही, कडेला सहा टर्नस्टोन, आणि जरा वरच्या दगडावर एकटाच एक राखी चिखल्या. त्याचं पोट हनुवटीपासून खाली पूर्ण काळं झालेलं, वर रुपेरी ठिपके. लाट फुटली की खालची रांग दोन पावलं वर सरकायची आणि वरच्या रांगेला ढकलायची. चोची पाठीच्या पिसांत, पण डोळा उघडा. दर मिनिट-दोन मिनिटांनी कुणी ना कुणी मान वर काढून बघायचा आणि पुन्हा चोच आत.

दीड तास मी त्यांच्यापासून चाळीस पावलांवर होतो आणि एकही पक्षी माझ्यामुळे उडाला नाही.

हे मुद्दाम सांगतोय. दोन वर्षांपूर्वी मी याच्या उलट वागलो होतो. अलिबागजवळच्या आक्षीच्या वाळूवर असाच थवा बसला होता. एका पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली (अभ्यासक पक्षी पुन्हा ओळखता यावा म्हणून घालतात ती), त्यावर अक्षरं होती. पहिली दोन वाचली, तिसरं वाचायला वाकून वाकून पुढे गेलो. थवा उठला. मी घड्याळ बघितलं. बावीस मिनिटं ते हवेत होते. एकदा लांबच्या वाळूवर टेकले, तिथे कुत्री होती, पुन्हा उठले. शेवटी कुठे गेले ते दिसलं नाही. तिसरं अक्षर मिळालं नाहीच. ज्यांना दोन आठवड्यांनी हिमालय ओलांडायचा आहे त्यांची बावीस मिनिटांची चरबी मी एका अक्षरासाठी जाळली. तेव्हापासून मी आधी बसतो, मग ते येतात.

इतरांनी यंदा काय पाहिलं, कुठे पाहिलं, कृपया लिहा.

---

जुई_पुणे | १३ एप्रिल, रात्री १०:३२

किती सुंदर लिहिलंय! तिथीचा हिशेब माझ्या आजोबांना येत होता, पण आम्ही कुणी लिहून ठेवला नाही. आज पुन्हा मिळाला, त्यासाठी वेगळे आभार.

दोन प्रश्न. चिखल्या आणि तुतारी यांत फरक कसा करायचा? आणि हे वाळू चिखले नक्की जातात कुठे? हिमालय म्हटलंत म्हणून विचारते.

---

दुर्बीण | १३ एप्रिल, रात्री ११:१५

@जुई, रंग सोडा, खाणं बघा. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो नजरेने शिकार करतो, म्हणून पळणं-थांबणं-टिपणं. तुतारी, टिलवे, पाणटिवळे यांची चोच लांब. ते शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खुपसत जातात. त्यांच्या चोचीच्या टोकाशी अगदी बारीक खळगे असतात, त्यात दाब ओळखणाऱ्या पेशी. चिखलाच्या आत किडा हलला, की न बघताही कळतं. शिवाय यांतल्या बऱ्याच जणांना चोच मुळापासून न उघडता नुसतं टोक उघडता येतं. नाहीतर चिखलात रुतलेली चोच उघडायची कशी?

वाळू चिखल्यात छोटा आणि मोठा असे दोन आहेत आणि दोन्ही आपल्याकडे येतात. मोठ्याची चोच लांब आणि जाड, पाय फिकट हिरवट-पिवळसर. छोट्याची चोच आखूड, पाय काळपट. शेजारी शेजारी असले की सोपं, एकटा असला की अनुभवी माणूसही थांबतो. खाडीकाठ यांनी पाहिलेले बहुतेक छोटे असणार. अलीकडच्या काही वर्षांत या छोट्याच्याही दोन जाती मानतात, सैबेरियन आणि तिबेटी. आपल्या किनाऱ्यावरचे तिबेटी. लडाख, तिबेट, पामीर भागात चार हजार मीटरच्या वर, उघड्या माळावर घरटी करतात. अलिबागहून लडाख सरळ रेषेत पावणेदोन हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे समुद्रसपाटीवर खाऊन लठ्ठ व्हायचं आणि थेट तिथे चढायचं जिथे आपल्याला दम लागतो.

तुताऱ्यांमध्ये बाकदार चोचीचा कोणी होता का? कर्ल्यू सँडपायपर. एप्रिलमध्ये तो डोक्यापासून पोटापर्यंत विटेसारखा लाल होतो. त्याचं घर सैबेरियाचा उत्तर टोकाचा टुंड्रा, इथून सहा हजार किलोमीटरच्या वर. २०२४ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत त्याची श्रेणी वाढवून त्याला ‘असुरक्षित’ म्हटलं आहे. तुम्ही पाहिलेल्या राखी चिखल्यालासुद्धा. एके काळी हे दोघे इतके सर्रास होते की कुणी वहीत लिहीतही नसे.

---

थळची_लेक | १४ एप्रिल, सकाळी ७:०५

मी इथलीच, कोळीवाड्यातली. माझी आई चाळीस वर्षं ओहोटीला कालवं काढायला खडकावर जाते. काल रात्री तिला हा लेख वाचून दाखवला. चाळीस पावलांचं ऐकून ती म्हणाली, “आमच्याजवळ त दहा पावलांवर येतान.”

खरं आहे ते. कालवं काढणारी बाई खाली वाकलेली असते, एका दगडावर अर्धा अर्धा तास असते, हळू सरकते. पाखरांना ती सवयीची. आई दगड उलटा करते आणि पुढे जाते, मागून तो काळ्या-पांढऱ्या-तांबूस रंगाचा येऊन त्याच दगडाखाली बघतो. तुम्ही टर्नस्टोन म्हणता तो हाच असावा. तो स्वतःही लहान दगड चोचीने उलटतो, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक गोष्ट आईची. खडकावर काम करताना पाठ समुद्राकडे असते, पाणी कधी फिरलं ते कळत नाही. पण पाखरं किनाऱ्याच्या अंगाला सरकायला लागली की तिला कळतं. “पानी फिरला का पाखरूच सांगतं,” असं म्हणते ती आणि कोयता-टोपली उचलते. आमच्या घरात घड्याळ होतं, पण खडकावर ते कुणी नेत नव्हतं.

---

खाडीकाठ | १४ एप्रिल, सकाळी ८:२०

थळची_लेक, आईंना माझा नमस्कार सांगा. दगड उलटून जायचं आणि मागून पक्षी येतो, हे मी इतक्या वर्षांत कुठे वाचलं नव्हतं. त्यांना विचाराल का, ही पाखरं पूर्वीइतकीच येतात की कमी?

दुर्बीण, बाकदार चोचीचे चार होते, दोन चांगले लाल. वहीत लिहिलेत.

---

सांडवा | १४ एप्रिल, दुपारी १:४४

लेख चांगला आहे, पण एक शंका मांडतो. असे धागे वाचून पुढे कुणीतरी मागणी करतो की किनाऱ्यावर घोडागाड्या बंद करा. माझा मामा तीस वर्षं घोडागाडी चालवतो. त्याचं वर्ष ऑक्टोबर ते मे एवढंच, पावसाळ्यात घोड्याला घरी बसून खायला घालावं लागतं. पक्ष्यांचा सीझन आणि आमचा सीझन एकच आहे. बाहेरून येणाऱ्यांना हे दिसत नाही.

---

खाडीकाठ | १४ एप्रिल, दुपारी ३:१०

सांडवा, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. मी घोडागाडी बंद करा असं म्हणत नाही, म्हणणारही नाही, आणि त्याचं कारण नुसता मुलाहिजा नव्हे. काल सकाळी मी बघत होतो. घोडागाड्या ठरलेल्या एकाच वाटेने जातात, एकाच गतीने. वाटेपासून तीसेक पावलांवर चिखले खात होते आणि गाडी गेली तरी मानसुद्धा वर करत नव्हते. शिवाय भरतीला, म्हणजे पक्ष्यांच्या विश्रांतीच्या वेळेला, तुमच्या मामांची गाडी बंदच असते.

त्रास होतो तो वाट सोडून येणाऱ्याचा. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका किनाऱ्यावर ऐन भरतीला वाळूवरच्या चारचाकी मोटारसायकली पाण्याच्या कडेने जाताना पाहिल्या. थव्याकडे मुद्दाम वळवतात, कारण पाखरं उडाली की मागे बसलेल्याला व्हिडिओ मिळतो. एका तासात तोच थवा पाच वेळा उठला. मी जाऊन बोललो. चालवणारा मुलगा शांतपणे म्हणाला, “उडाली तर उडाली, परत बसतात की.” त्याच्यावर मला राग आला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हा पक्षी इथला नाही, त्याला निघायचंय, आणि निघण्याआधी अंगावर चरबी चढली नाही तर वाटेत पडेल. तुमच्या मामांनी चार मुलांना सांगितलं तर माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त उपयोग होईल.

---

सांडवा | १४ एप्रिल, रात्री ८:०२

सांगतो मामाला. तो म्हणतो, “थंडीत ती पाखरं वाटेवरच असतात, घोडा त्यांना ओळखतो.”

---

वहीतली_पानं | १५ एप्रिल, सकाळी १०:४८

चरबीवरून एक भर घालतो. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, म्हणजे बार-टेल्ड गॉडविट, आपल्याकडेही थोडे येतात. त्याच जातीचे अलास्कातले पक्षी प्रशांत महासागर न थांबता ओलांडतात. २०२२ मध्ये अंगावर उपग्रह-यंत्र लावलेल्या, जेमतेम काही महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत कापलं. मध्ये खाणं नाही, पाणी नाही, टेकणं नाही. निघताना या पक्ष्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक चरबी असते आणि जठर, आतडी यांसारखे उड्डाणात न लागणारे अवयव आकसून लहान होतात. आपले पक्षी इतक्या लांब एका दमात जात नसतील, पण शरीराची रीत तीच.

---

मॅग्नेट | १५ एप्रिल, दुपारी १२:२०

जरा अवांतर, तरी लिहितोच. ज्या किनाऱ्यावरून तुम्ही किल्ल्यावर चालत गेलात, तिथे जवळच अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालू होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या मोजमापात अडथळा येईल म्हणून वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणली. बांधकामात चुंबकीय धातू येऊ दिला नाही. एका कुलाब्यातून निघून दुसऱ्या कुलाब्यासमोर आली, हा योगायोग मला लहानपणापासून आवडतो.

आणि स्थलांतर करणारे पक्षी सूर्य, तारे यांच्याबरोबर दिशेसाठी पृथ्वीचं चुंबकत्वही वापरतात. आत माणसं सव्वाशे वर्षं जे यंत्रांनी मोजतायत, ते समोरच्या खडकावर बसलेल्याला आपसूक जाणवतं. शाळेत असताना आम्हाला तिथे सहलीला नेलं होतं, पण समोरच्या पक्ष्यांबद्दल कुणी काही सांगितलं नाही.

---

मालवणचो | १५ एप्रिल, रात्री ९:३७

आमच्याकडे मालवणला सिंधुदुर्गाच्या अलीकडे पद्मगड आहे, तोही ओहोटीला चालत जाण्यासारखा. फरक एवढा की तुमच्याकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, आमच्याकडे जेमतेम दोन-अडीच. दक्षिणेला येऊ तसं ते कमी होत जातं. त्यामुळे चिखल कमी उघडा पडतो आणि अडीचशेचा थवा आमच्या नशिबी क्वचित. खडकावर समुद्री बगळा, टर्नस्टोन, साधी तुतारी (शेपटी सतत हलवणारी) हे मात्र नेहमीचे.

माझी आजी या सगळ्यांना एकच नाव द्यायची, ‘दर्याची पाखरां’. आणि म्हणायची, “चाकरमान्यासारखी गणपतीक येतत नि शिमगो झालो की जातत.” लहानपणी ते नुसतं बोलणं वाटायचं. आता नोंदी ठेवायला लागल्यावर बघतो तर ऑगस्टच्या मध्यापासून पहिले येतात आणि मार्च-एप्रिलात जातात. आजीचं पंचांग बरोबर होतं.

---

भाट्ये_पूल | १६ एप्रिल, सकाळी ६:५८

रत्नागिरीहून. भाट्याच्या खाडीत सध्या दोन कोरल आहेत. कोरलाची चोच खाली वाकलेली, हातभर वाटावी इतकी लांब. काल त्यातल्या एकाचं खाणं अगदी जवळून, पुलावरून पाहिलं, ते लिहितो.

खेकड्याचं बीळ होतं. कोरलाने मान वाकडी करून चोच आत घातली, मग आणखी आत, डोळ्यापर्यंत. बिळाचा बाक आणि चोचीचा बाक एकच. जरा थांबला. मग अंगाला हिसका देऊन बाहेर काढला तर टोकात खेकडा, एका नांगीने धरलेला. तो आपटला, नांगी सुटली. नांगी टाकून खेकडा पुन्हा धरला, पुन्हा हलवला, एकेक पाय गळत गेला. मग चक्क पाच-सात पावलं चालत डबक्यापर्यंत गेला, खेकडा पाण्यात दोनदा खळबळला, चिखल गेला, आणि मान वर करून गिळला. गळ्यातून उतरताना दिसला. नंतर मागे जाऊन टाकलेली नांगीसुद्धा खाल्ली.

पुलावर गाड्या चालू होत्या. कुणी थांबलं नाही. मला वाटत होतं एकेकाला हात करून थांबवावं.

---

दुर्बीण | १६ एप्रिल, सकाळी ९:३०

भाट्ये_पूल, हे वर्णन जपून ठेवा. कोरलाच्या कुळातला एक, सडपातळ चोचीचा कोरल, पश्चिम सैबेरियात वीण करून भूमध्य समुद्राकडे जायचा. त्याची शेवटची खात्रीची नोंद १९९५ मधली, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची. त्यानंतर शोधून शोधून थकले. तो नांगी परत येऊन खायचा की नाही, हे आता कुणाला बघता येणार नाही.

---

जुई_पुणे | १६ एप्रिल, रात्री ९:१२

आम्ही अमावास्येच्या शनिवार-रविवारी आक्षीला जायचं ठरवतोय. सोबत आठ वर्षांचा मुलगा आहे. काही सूचना? आणि अजून एक, मागे फोटोत एका पायावर उड्या मारणारा चिखल्या पाहिला होता. जखमी असतो का तो?

---

खाडीकाठ | १६ एप्रिल, रात्री १०:४०

जखमी नसतो सहसा. उष्णता टिकवायला एक पाय पिसांत ओढून घेतात आणि जरा सरकायचं असेल तर दुसरा पाय बाहेर काढायचा कंटाळा, तशाच उड्या मारत सरकतात. थोडा वेळ थांबलात तर दुसरा पाय दिसतो.

आक्षीला सकाळीच जा. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी आणि उजेड पक्ष्यांवर. संध्याकाळी सगळे नुसते काळे आकार दिसतात. अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, तेव्हा नऊला सुरूच्या झाडांच्या कडेला बसा. (२०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात तिथली बरीच झाडं पडली, तरी बसायला सावली मिळते.) टोपी, पाणी, मळखाऊ कपडे. कुत्रं सोबत असेल तर दोरीला. साधी आठ पटीची दुर्बीण पुरते.

मुलाला एक काम द्या : माना मोजायला सांगा. थवा निवांत असतो तेव्हा माना आत असतात. आपण सरकलो आणि एकदम खूप माना वर झाल्या, की तिथेच थांबायचं. दोन पावलं मागे घेतली तर पुन्हा माना आत जातात. माझ्या भाचीला मी हाच खेळ शिकवला. आता ती मलाच दटावते, “मामा, माना!”

पायात रंगीत पट्टी दिसली तर कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रंगांचा क्रम आणि अक्षरं, हे सगळं लिहून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. फोटो मोबाइलने, दुर्बिणीला डोळा लावून काढला तरी चालतो. अक्षर अर्धवट राहिलं तर राहू द्या.

---

थळची_लेक | १७ एप्रिल, सकाळी ७:३०

आईला विचारलं. ती म्हणाली, मोठी पाखरं (कोरलाचं चित्र दाखवलं तर लगेच ओळखलं) कमी झाली. लहान पाखरं आहेत, पण पूर्वी एका जागी सकाळभर असायची, आता सारखी उठतात. आणि म्हणाली की कालवंही कमी झाली. दोन्हीचा संबंध तिने लावला नाही. मीही लावत नाही, फक्त तिने सांगितलं तसं लिहिते.

ती आणखी म्हणाली, पावसाळ्यातही दोन-चार मागे राहतात, ती आजारी असतात का?

---

दुर्बीण | १७ एप्रिल, सकाळी ११:०५

आजारी नसतात. बहुतेक ती पहिल्या वर्षाची पिल्लं. वीण करण्याएवढी मोठी झालेली नसतात, म्हणून एवढा प्रवास न करता इथेच उन्हाळा-पावसाळा काढतात. रंगही चढत नाही त्यांना. आईंची नजर जबरदस्त आहे. जूनमध्ये किनाऱ्यावर वेडर बघणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील.

---

जुई_पुणे | २६ एप्रिल, रात्री ८:५५

आक्षीहून परत आलो. पक्षी कमी होते, चाळीसेक. पण मुलगा दीड तास एका जागी बसला, घरी पाच मिनिटं बसत नाही. एकदा लांबून माणसं धावत आली तर हा उभा राहून दोन्ही हात पसरून त्यांना थांबवायला गेला. ती थांबली. एक काकू त्याच्या शेजारी बसून त्याच्या दुर्बिणीतून बघायला लागल्या.

---

खाडीकाठ | २७ एप्रिल, रात्री १०:१०

जुई, मुलाला शाबासकी.

आज अमावास्या, पुन्हा पहाटेच्या ओहोटीत किल्ल्यावर गेलो. वाटेवर शीळ नव्हती. सूर्य वर आला तरी दोन्ही बाजूंची वाळू मोकळी. एक समुद्री बगळा आणि लांब दोन तुताऱ्या, बस्स. सांडवाचे मामा किनाऱ्यावर भेटले. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं आणि स्वतःहूनच म्हणाले, “गेली हो. मंगळवारी संध्याकाळी लई ओरडत होती, बुधवारी सकाळी नव्हती.” मी हा दिवस वहीत त्यांच्या नावावर लिहिला आहे.

तरी भरतीपर्यंत थांबलो. साडेअकराला सरजेकोटाच्या त्याच खडकावर नऊ वाळू चिखले येऊन बसले. दुर्बिणीतून एकेकाची छाती बघितली. सगळे फिकट, एकावरही गेरू नाही. थळच्या आईंनी सांगितलेले मागे राहणारे हेच असावेत. पावसाळ्यात किल्ल्यावर जाता येणार नाही, पण किनाऱ्यावरून मोठ्या दुर्बिणीतून हा खडक दिसतो, महिन्यातून एकदा बघत जाईन.

रंगातले परत येतील ते नारळी पौर्णिमेच्या सुमारास, छातीवरचा पट्टा अर्धा पुसट झालेला असताना. त्या दिवशीही पहाटेची ओहोटी सहाच्या आसपासच असेल. तेव्हा हाच धागा वर काढतो.